आज्जीचा स्वेटर आणि पेटीतल्या डांबर गोळ्या

जुलैतली दुपार. बाहेर महाबळेश्वरचा पाऊस; पाऊस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळू नये असा. ओपीडीत एक आज्जी गाठोडं घेऊन शिरल्या. गाठोड्यात नातू. मी उलगडायला घेतलं. आधी शाल, मग दुपटं, मग लोकरीची कुंची, कुंचीखाली टोपडं, मग स्वेटर, स्वेटरखाली बंडी, बंडीखाली झबलं. कोबीचा गड्डा सोलावा तसं सोलत गेल्यावर आत तीन आठवड्यांचं, घामानं चिंब, लालबुंद बाळ सापडलं. तक्रार एकच, "लई रडतंय, आन् अंग तापलंय."

थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस. बाळाला तपासलं, कपडे उतरवले, आईनं अंगावर पाजलं, अर्ध्या तासात पारा खाली आला. (हे वाचून घरी प्रयोग करू नका. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप वाटला की डॉक्टरांकडे आणायचंच. ताप कपड्यांचा की जंतुसंसर्गाचा, हे घरबसल्या ठरवता येत नाही.)

"आवं डाक्टर, ही हितली थंडी हाय," आज्जी म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, "आन् समदं माझ्या हातचं हाय."

हे दुसरं वाक्य ऐकायला मला बरीच वर्षं लागली. दवाखाना नवा होता तेव्हा मी फटकन सांगायचो, "काढून टाका हे सगळं." आज्जी मान डोलवायच्या, बाहेर बाकावर बसून सगळे थर पुन्हा चढवायच्या आणि पुढच्या खेपेला मला दिसू नये म्हणून स्वेटर शालीच्या आत. चार महिने डोळे ताणून विणलेल्या वस्तूला कुणी 'काढून टाका' म्हणालं तर आपण तरी काय करू? म्हणून आता माझं मत बदललं आहे. बाळंतविडा हातानंच करा, भरभरून करा. फक्त तो कसा करायचा आणि कशात ठेवायचा, हे सांगायची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे आणि ती आम्ही टाळतो.

बाळंतविडा म्हणजे निव्वळ हौस नव्हे, हे सरकारलाही पटलेलं आहे. फिनलंडमध्ये १९३८पासून गरीब मातांना आणि १९४९पासून सगळ्याच मातांना बाळाच्या कपड्यांचा खोका मिळतो. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानं २०१९ साली पहिल्या बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यांतून बेबी केअर किट द्यायला सुरुवात केली. आमच्या आज्ज्या हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून, बिनखर्चात करत आहेत.

आज्जींचा थंडीचा मुद्दाही खोटा नाही. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, ते बघायला पर्यटक पहाटे उठतात. नव्या बाळाला ही थंडी खरंच बाधते. त्याची कातडी पातळ, वजनाच्या मानानं अंगाचा पसारा मोठा, त्यातही डोकं म्हणजे सगळ्या अंगाचा जवळजवळ पाचवा भाग. मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. म्हणून जन्मल्या जन्मल्या बाळाला कोरडं करून आईच्या अंगावर ठेवायचं आणि डोक्यावर टोपडं घालायचं, हे औषधाइतकं महत्त्वाचं.

कमी वजनाच्या बाळासाठी तर आणखीच. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच 'कांगारू मदर केअर'. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात एक किलो ते सुमारे पावणेदोन किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं ठेवल्यावर मृत्यू पाव हिश्श्यानं घटलेले दिसले. आता गंमत बघा. या बाळाच्या अंगावर काय असतं? टोपडं, लंगोट, मोजे. बस्स. थंडी वाजली तर फार तर पुढून उघडं, बिनबाह्यांचं झबलं. म्हणजे आज्जीच्या विणकामातल्या दोन वस्तू थेट उपचारातच बसतात! तेव्हा घरात लवकर जन्मलेलं बाळ असेल तर आज्जीला स्वेटर सोडून टोपडी विणायला बसवा. मऊ, बिनगोंड्याची, नाडी नसलेली, चार-पाच तरी, कारण ती सारखी ओली होतात.

पूर्ण दिवसांच्या, वजन धरलेल्या बाळाचा हिशेब वेगळा. तुम्हाला त्या खोलीत जेवढे कपडे लागतात त्याहून एक थर जास्त. तळहात-तळपाय गार लागले म्हणून घाबरू नका, ते गारच असतात. मानेमागे किंवा पाठीवर हात घाला. तिथे कोमट कोरडं लागलं तर ठीक, घाम लागला तर एक थर उतरवा. आणि घरात झोपताना टोपडं, कुंची, सैल शाल, अंगावर टाकलेली वाकळ, सगळं बाजूला. ते तोंडावर सरकतं, अंग तापतं. ब्रिटनमध्ये १९९१पासून आणि अमेरिकेत १९९४पासून बाळाला उताणं झोपवा, तोंड-डोकं मोकळं ठेवा, असं सांगायला सुरुवात झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या मोठ्या प्रमाणात उतरली. वाकळ अंगाखाली घाला की! जुन्या लुगड्यांची, घट्ट धावदोऱ्याची, पातळ वाकळ बाळाखाली छानच.

आता पेटीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आठव्या दिवशी एक बाळ दाखवायला आणलं होतं. मुलगा, वजन चांगलं, दूध पिणारा, किंचित पिवळा. नव्या बाळांना अशी कावीळ बऱ्याचदा होते. मी म्हटलं, दोन दिवसांनी दाखवा. त्याला एका सुंदर, हस्तिदंती रंगाच्या लोकरीच्या दुपट्यात गुंडाळलं होतं. पणजीनं त्याच्या आजोबांसाठी विणलेलं. मी ते कौतुकानं हातात घेऊन बघितलंही. त्याला डांबर गोळ्यांचा वास येत होता. तो वास मला आला, आणि मी त्याचा पुढे काहीच विचार केला नाही.

दोन दिवसांनी बाळ हळदीसारखं पिवळं, सुस्त, दूध ओढेना. तातडीनं खाली साताऱ्याला पाठवलं. निळ्या दिव्यांनी भागलं नाही, रक्त बदलावं लागलं. बाळ वाचलं. आता शाळेत जातं. पण कावीळ मेंदूत उतरण्याच्या फार जवळ गेली होती, आणि त्या दोन दिवसांची जबाबदारी माझी आहे.

झालं होतं ते असं. काही जणांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं एक विकर जन्मतः कमी असतं. मुलग्यांत जास्त आढळतं, एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पण अशा बाळाच्या अंगात नॅप्थलीन गेलं की रक्तपेशी भराभर फुटतात आणि कावीळ झपाट्यानं चढते. पांढऱ्या डांबर गोळ्यांत बहुधा हेच नॅप्थलीन असतं. ते श्वासातून जातं, कातडीतून जातं, आणि तेलात विरघळतं. आपण बाळाला तेल चोळतो, न्हाऊ घालतो, पुन्हा थोडं तेल लावतो आणि पेटीतल्या दुपट्यात गच्च गुंडाळतो.

तेव्हा गोळ्यांसोबत पडलेलं कापड पहिले काही महिने बाळाच्या जवळ आणूच नका. दोन तास उन्हात टाकून भागत नाही, आणि आमच्याकडे श्रावणात ऊन आणायचं कुठून? आईची शाल, पाळण्यावरचं कापड, कपाटातली उशी, यांनाही हेच लागू. बाळ पिवळं दिसतंय आणि घरात तो वास आहे, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आमच्या लक्षात येईलच असं नाही, हे मी वर कबूल केलंच आहे.

यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा गोळ्यांची गरजच नसते. कसर लागते ती मेंढीच्या खऱ्या लोकरीला आणि रेशमाला. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारी, कॅशमिलॉन म्हणून ओळखली जाणारी गुंडी बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. ती कसरीच्या खाण्यातच नाही. प्लॅस्टिकच्या स्वेटरला विषाची राखण! खऱ्या लोकरीची वस्तू असेल तर धुऊन, खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बाळाच्या अंगाला लावण्याआधी पुन्हा धुवा.

अ‍ॅक्रिलिकचा दुसरा दोष मात्र लक्षात ठेवा. त्याला आच लागली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. पावसाळ्यात आपल्याकडे शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवतात, बाळाला शेक-धुरी देतात. अ‍ॅक्रिलिक घालून तिथे जायचं नाही. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कुठल्याच कपड्यात नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; बाळ-बाळंतीण झोपेतच गुदमरतात. दारं-खिडक्या गच्च लावून बसायची सवय असलेल्या आमच्या गावात हे मी ओरडून सांगतो.

अंगालगत नेहमी सुती. त्यातही जुनेर. नव्या कापडातली खळ त्यातून कधीच निघून गेलेली असते, त्यामुळे बाळाचं पहिलं झबलं जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं शिवायची रीत शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा. गळ्याला नाडी नको, छातीवर बटण नको, कुंचीला जर, मणी, घुंगरू नकोत. मोज्यांच्या आतले सुटे धागे कापा. असा एखादा धागा किंवा आईचा केस बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडतं, बोट सुजून जांभळं होतं. काही केल्या रडं थांबत नसेल तर पोटात दुखतंय म्हणून ग्राइप वॉटर पाजण्याआधी मोजे काढून दहाही बोटं बघा. हातमोजे मी विणूच नका म्हणतो. नखं कापा, बाळाला हात चोखू द्या.

आणि हो, गरोदर सुनेच्या हातातली सुई ग्रहणात काढून घेऊ नका. टाके घातल्यानं बाळाचा ओठ फाटत नाही. विणायचं तर तिला खुशाल विणू द्या, फक्त तासन् तास मान वाकवून नको.

राहिला मापाचा प्रश्न. जन्माच्या मापाचा स्वेटर महिन्याभरात आखूड होतो. त्यामुळे महिने मोजा. बाळ श्रावणात होणार असेल तर खरी थंडी येईल मार्गशीर्ष-पौषात, तेव्हा ते चार-पाच महिन्यांचं असेल. स्वेटर त्या मापाचा घाला, पुढून उघडा, म्हणजे डोक्यातून ओढायला नको.

हे सगळं मी त्या जुलैतल्या आज्जींना सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण नजर टेबलावर काढून ठेवलेल्या स्वेटरवर. पिवळा, दोन सुयांवरचा, बाह्यांना हिरवी वेल. नातवाला तो आताच काखेत काचत होता.

"मंग ह्यो उसवू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, उसवा. लोकर नवी आहे, पौषाला अजून पाच महिने आहेत. त्यांनी तिथेच, बाकावर बसून, खालच्या काठाचं टोक शोधायला सुरुवात केली.