नवी लेझीम : सोय कीं गैरसोय ?

खेळाचें साधन बदललें म्हणजे खेळही बदलतो. उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांचा लॅक्रॉस नांवाचा एक चेंडूचा खेळ आहे. त्यांतील काठीचें जाळीदार डोकें पूर्वीं लांकूड वांकवून करीत. 1970 च्या सुमारास प्लास्टिकचें डोकें आलें, आणि तें हलकें व दोन्ही बाजूंनीं सारखें असल्यामुळें खेळाडू दोन्ही हातांनीं सफाईनें खेळूं लागले. तो बदल त्या खेळास मानवला. आमच्याकडील शाळांच्या पटांगणांत लेझमीच्या बाबतींत असाच एक बदल शिरला आहे. तो मात्र मानवेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्या अमरावतींत 1914 सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, आणि ज्या मंडळाच्या पथकानें 1936 सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं, त्या शहरांत लेझीम म्हणजे काय हें सांगण्याची गरज पडूं नये. पण ती पडते. लेझीम ही मूळची धनुष्याची तालीम होय. लवचिक कमानीस दोरीऐवजीं लोखंडी साखळी लावीत, व ती ओढतां ओढतां दंड आणि छाती भरत. शाळांतून रूढ झाली ती आंखूड लेझीम : हातभर लांबीचा लांकडी दांडा डाव्या हातांत, साखळीच्या मध्यावरील मूठ उजव्या हातांत, आणि साखळींत ओंवलेल्या लोखंडी चकत्या.

बाजारांत आलेल्या नव्या लेझमीचा दांडा पोकळ नळीचा, साखळी बारीक, व चकत्या पातळ पत्र्याच्या पण पुष्कळ. ती दिसावयास चकचकीत आहे. पावसानें फुगत नाहीं, हातांत कूस जात नाहीं, आणि पहिली-दुसरींतील बालकें ती न थकतां पेलतात. हे गुण खरे आहेत व ते नाकारण्याचें आम्हांस कारण नाहीं.

आमचा आक्षेप आवाजाविषयीं आहे. जड लेझीम अर्धवट हालविली तर ती बोलत नाहीं. हात पुरता उघडला, पुरता मिटला, तरच चकत्या एकमेकींवर आदळून ठोका उठतो. 'चार आवाज' करतांना पन्नास मुलांपैकीं एकाचा हात मागें राहिला तरी तो चुकार ठोका शिक्षकांस डोळे मिटून ओळखतां येतो. नवी लेझीम नुसत्या मनगटाच्या हिसक्यानें छुमछुमते. थांबली तरी छुमछुमते. तिच्या गोंगाटांत नेमका हात आणि चुकार हात एकच होऊन जातात. प्रेक्षकांस तें गोड वाटतें, आणि संमेलनाच्या रात्रीं टाळ्याही पडतात. पण मुलाचा खांदा मात्र जागचा हाललेला नसतो.

कोणी म्हणतील, कमान जाऊन आंखूड दांडा आला तेव्हां तोही बदलच होता, मग आतांच हा विरोध कां ? प्रश्न रास्त आहे. त्या बदलांत कमानीचा ताण गेला. पण वजन राहिलें, पवित्रा राहिला, आणि शंभर मुलांस एकाच पटांगणांत एकत्र खेळतां येऊं लागलें. ताण गेला त्याच्या मोबदल्यांत कांहीं मिळालें. आतां वजन जातें, त्याच्या मोबदल्यांत केवळ चकाकी मिळते.

बालवर्गांस नवी लेझीम खुशाल द्यावी, फक्त तिच्यांतील निम्म्या चकत्या काढून टाकाव्या. पांचवीपासून पुढें मात्र लांकडी दांडा व जाड साखळीच असावी, आणि वयाप्रमाणें तिचें वजन वाढत जावें. मुलींसही हाच नियम लागू करावा. त्यांच्यासाठीं म्हणून हलकी लेझीम निवडणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. अडगळींत पडलेल्या जुन्या लेझमी मोडींत घालण्याची घाई कोणी करूं नये. त्यांची कडी तुटली तर लोहार ती जोडून देतो, दांडा फुटला तर सुतार नवा बसवितो. नव्या लेझमीची नळी एकदां चेपली कीं ती कोणाच्यानेंही सरळ होत नाहीं.