साधेपणाचे स्तोम

'साधी राहणी आणि उच्च विचारसरणी' ही जोडी आमच्या समाजात इतकी रूढ झाली आहे की, पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप पदरात पडते, अशी आमची समजूत होऊन बसली आहे. ठेवणीतले पातळ नेसून मंडळाच्या मदतनिधीची वर्गणी मागावयास आलेल्या बाईंविषयी, "आधी त्या पातळाचे पैसे निधीला द्यावेत," असे कोणीतरी कुजबुजतोच. नटण्याची हौस आणि परोपकार यांचे हाडवैर आहे, हा त्यामागील सिद्धान्त आम्हांस साफ अमान्य आहे.

आमच्या सुधारणेचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो. आगरकरांसारख्या तर्ककठोर पुरुषाने स्त्रियांच्या जाकिटांवर 'सुधारका'त लिहिणे क्षुद्र मानले नाही. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा अंगावरचे वस्त्र कोणाचे पोट भरते, हाच प्रश्न त्या पिढीपुढे होता. तो आज पुन्हा विचारावयास हवा. मात्र त्याचे उत्तर साधेपणाच्या अभिमान्यांस अडचणीचे आहे.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तडे आदल्या दिवशीच दिसले होते. तरीही शिवणकामगारांना कामावर बोलावण्यात आले. तेथे शिवले जाणारे कपडे राजेरजवाड्यांसाठी नव्हते. सामान्य गिऱ्हाइकाने स्वस्त म्हणून उचलावेत, असेच त्यांतले बहुतेक होते. स्वस्ताईची उरलेली किंमत दुसरा कोणी चुकवीत असतो, हे त्या ढिगाऱ्याने दाखवून दिले.

घरची स्थितीही पाहावी. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक विणकर व त्यांचे साहाय्यक आहेत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांची महिन्याची प्राप्ती ५,००० रुपयांच्याही आत होती. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले आहे. तथापि यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून बाजारात खपते. ती खपते, कारण गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. आणि कापडाविषयीचे अज्ञान ज्याला भूषण वाटते, त्याला तो कळणारही नाही.

तो कळतो शौकिनाला. हातविणीच्या पैठणीचा पदर उलटून पाहावा, तर मागची बाजूही तितकीच स्वच्छ असते. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी मिरवता येतो. हातमागावर पन्हा ताणून धरणाऱ्या टाचण्यांची बारीक छिद्रे किनारीशी राहिलेली दिसतात. हे जाणणारी चोखंदळ नजर विणकराच्या पोटाची राखण करते. अहिल्याबाई होळकर स्वतः साध्या वस्त्रांत राहिल्या; परंतु महेश्वरच्या विणकरांना त्यांनी आश्रय दिला. घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या त्या साध्वीला उंची वस्त्राचे वावडे नव्हते.

मात्र शौकिनांनीही यावर फार हुरळून जाऊ नये. दर सणाला चार नवी वस्त्रे घ्यावयाची आणि दिवाळीपूर्वी कपाट रिकामे करून जुनी वाटावयाची, याला आम्ही दान म्हणत नाही. ती घरची आवराआवर झाली. पानिपत आम्हां मराठी माणसांस १७६१ मुळे ठाऊक आहे. आज त्याच गावी श्रीमंत देशांनी टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग येतात. ते फाडून, पिंजून त्यांचे जाडेभरडे सूत आणि घोंगड्या होतात, आणि पिंजणाऱ्या मजुरांच्या छातीत त्याची धूळ जाते. ज्याला एक वस्त्र दहा वर्षे जपता येत नाही, त्याची आवड कापडाची नसून खरेदीची आहे.

"हे सारे पगारदाराला परवडावे कसे?" हा आक्षेप आमच्या कानी नेहमी येतो. आमचाही संसार महागाई भत्त्याकडे डोळे लावूनच चालतो. परंतु वर्षाकाठी चार फसवी पातळे घेणाऱ्या घराला एक खरे पातळ परवडत नाही, हा हिशेब आम्हांस पटत नाही. शिवाय परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना एक संधी घरबसल्या लाभली आहे. आमच्या बदल्या बनारस, चंदेरी, कांचीपुरम, पोचमपल्ली, संबळपूर यांच्या आसपास होतात. तेथील विणकरांच्या सहकारी संस्थेत जावे, माग पाहावा, वीण ओळखावयास शिकावे, आणि विणकराने सांगितलेल्या दामात घासाघीस न करता एकच वस्त्र घ्यावे. मंडळाच्या हळदीकुंकवाला ते ऐटीत नेसावे आणि विचारणारीला विणकराचे गावही सांगावे.

मदतनिधीची वर्गणी एकदा दिली की संपते. जाणत्या गिऱ्हाइकाच्या हौसेवर माग वर्षानुवर्षे चालतो. तेव्हा त्या बाईंच्या पातळाचे पैसे मागण्यापूर्वी, आपल्या अंगावरचा सदरा कोणी विणला आणि त्याला काय मिळाले, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने साधेपणाचा अभिमान बाळगू नये.