झेंडूच्या हारामागचे रडार

चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांना गाड्यांच्या बाजारात एकत्रितपणे ‘एडास’ म्हणतात. पुढच्या वाहनापासून अंतर राखत वेग सांभाळणारा अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, गाडीला लेनमध्ये ठेवणारे स्टिअरिंग, धडक होईल असे दिसताच स्वतःहून लागणारे ब्रेक आणि आरशाबाहेरच्या कोपऱ्यातले वाहन दाखवणारा इशारा हे त्यांतले मुख्य प्रकार. चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, टाटांच्या कर्व्ह ईव्ही आणि हॅरियर ईव्ही, ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक अशा विजेवरच्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत हे सगळे आता मिळते. ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये प्रथम मांडलेल्या शून्य ते पाच या पायऱ्यांपैकी या गाड्या दुसऱ्या पायरीवर आहेत. म्हणजे वेग आणि स्टिअरिंग या दोन्हींत गाडी मदत करते, पण नजर रस्त्यावर ठेवण्याचे काम आणि जे घडेल त्याची जबाबदारी चालकाचीच राहते.

नवी गाडी ताब्यात देण्याचा कार्यक्रम शोरूममध्ये थाटात होतो. कापड दूर सारले जाते, नारळ फुटतो, घरच्यांसोबत फोटो निघतात, फोनमध्ये अॅप बसवले जाते, चार्जर दाखवला जातो. एडासच्या वाट्याला त्यात दोन मिनिटे येतात, तीही उभ्या गाडीत. उभ्या गाडीत यातले जवळजवळ काहीच दाखवता येत नाही. बहुतेक गाड्यांत लेन सांभाळणारी यंत्रणा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास जागी होते. मग नवा मालक पहिल्यांदा तिला भेटतो तो थेट महामार्गावर, मागच्या सीटवर मुले बसलेली असताना. ही पद्धत चुकीची आहे आणि बदलली पाहिजे. एडास शिकणे म्हणजे बटणे पाठ करणे नव्हे. गाडीला काय दिसत नाही, हे शिकणे त्यात सर्वांत महत्त्वाचे आहे. गाडीसोबतच्या पुस्तिकेत यंत्रणेच्या मर्यादा सांगणारी पाने असतात. बाकीचे पुस्तक नंतर वाचले तरी चालेल, ही पाने गाडी बाहेर काढण्याआधी वाचावीत.

गाडीची नजर साधारणपणे दोन ठिकाणी असते. एक कॅमेरा पुढच्या काचेच्या वरच्या भागात, आतल्या आरशामागे बसवलेला असतो. लेनचे पट्टे, वाहनांचे आकार, माणसे आणि वेगमर्यादेचे फलक तो ओळखतो. दुसरे रडार, पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे. ते सुमारे ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून पुढच्या वाहनाचे अंतर व वेग काढते. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांतही अनेक गाड्यांत लहान रडार असतात. पार्किंगसाठीचे गोल ठिपक्यांसारखे सेन्सर मात्र ध्वनिलहरींवर चालतात आणि त्यांची पोहोच काही मीटरच असते.

आपल्याकडे या दोन्ही जागांवर नेमकी गर्दी होते. फास्टॅग काचेच्या मध्यभागी, आरशाजवळ चिकटवायची सवय आहे. शेजारी सोसायटीचा पास, देवस्थानाचे स्टिकर, कधी काचेला वरून लावलेली काळपट पट्टी. यातले काहीही कॅमेऱ्याच्या समोर आले की त्याची नजर अधू होते. फास्टॅग काचेच्या मध्यावर लावतानाही कॅमेऱ्याचा समोरचा भाग मोकळा सोडता येतो, तेवढे त्या लावणाऱ्याला सांगावे लागते.

बंपरची गोष्ट अधिक नाजूक आहे. दसऱ्याला गाडी धुऊन, हळदकुंकू वाहून तिला झेंडूचा हार घालायचा, ही रीत ट्रॅक्टरपासून एसटीपर्यंत सगळीकडे पाळली जाते आणि ती पाळलीच जावी. वर्षभर सांभाळून नेणाऱ्या यंत्राचे आभार मानणारा दुसरा इतका सुंदर दिवस नाही. पण हार पुढच्या जाळीवर बांधला की ओल्या फुलांचा आणि आंब्याच्या पानांचा जाड थर थेट रडारसमोर येतो. या लहरींना पाणी शोषून घेते. पूजा आटोपून कुटुंब त्याच गाडीने नातेवाइकांकडे सोने द्यायला निघते, तेव्हा पडद्यावर सेन्सर झाकला गेल्याचा इशारा येतो. इशारा आला तर ठीक, कारण मग निदान यंत्रणा बंद असल्याचे कळते. अर्धवट झाकलेल्या रडाराबाबत इशारा येईलच, असे धरून चालता येत नाही. बंपरला बांधलेले लिंबू-मिरची, वर्षभर तिथेच राहिलेली सुकलेली माळ, बाहेरच्या दुकानात बसवलेला लोखंडी गार्ड, पक्षाचा किंवा संघटनेचा बिल्ला, सगळ्यांचा परिणाम त्याच जातीचा. समोर लोखंडी गार्ड बसवणे तर नियमातही बसत नाही, कारण धडकेत समोरच्या पादचाऱ्याला त्याने अधिक इजा होते. यावर उपाय सोपा आहे. हार बॉनेटवर किंवा आरशांना बांधावा आणि निघण्यापूर्वी काढून ठेवावा. रडार नेमके कुठे आहे ते शोरूममध्ये विचारून घ्यावे. बऱ्याच गाड्यांत तो जाळीतला एक गुळगुळीत चौकोनी तुकडा असतो आणि घरातल्या प्रत्येकाला, गाडी धुणाऱ्यालाही, तो दाखवून ठेवता येतो. पावसाळ्यात समोरच्या ट्रकने उडवलेला चिखल याच तुकड्यावर साचतो. चार्जिंगसाठी थांबल्यावर ओल्या फडक्याने तो आणि काचेचा वरचा भाग पुसण्याची सवय विजेवरच्या गाडीवाल्यांना सहज लावून घेता येईल, कारण त्यांना थांबायला वेळ असतोच.

नजर स्वच्छ असली तरी ती सर्व पाहते असे नाही. पूल, खांब, दुभाजक यांवरून परतणाऱ्या लहरी रडार गाळून टाकते, नाहीतर गाडी पावलोपावली ब्रेक लावत राहील. वेगात असताना याच गाळणीत रस्त्यात बंद पडलेला ट्रकही सुटू शकतो. आडव्या जाणाऱ्या वाहनाचे तसेच. मे २०१६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील विलिस्टनजवळ एक टेस्ला मॉडेल एस रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक ठार झाला. ऑटोपायलट चालू होता. उजळ आकाशापुढे ट्रेलरची पांढरी बाजू यंत्रणेलाही दिसली नाही आणि चालकालाही नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासात चालकाच्या अतिविश्वासावर बोट ठेवले, आणि ज्या रस्त्यासाठी यंत्रणा बनली नाही त्यावर ती चालू दिली जाते यावरही. दुभाजकातल्या फटीतून ट्रॅक्टर आडवा येणाऱ्या आपल्या राज्य मार्गांवर हा तपास जास्तच लागू पडतो. गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात रात्री मागचा दिवा नसलेल्या, रुंदीच्या बाहेर ऊस लोंबणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रकमधून मागे दोन मीटर बाहेर आलेल्या सळयांची टोके गाडीला दिसतील असे मानू नये. ती ट्रकच्या मागच्या फळीपासून अंतर मोजत असते.

अॅडॅप्टिव्ह क्रूझमध्ये चालक वेग ठरवतो आणि अंतराच्या तीन-चार पायऱ्यांपैकी एक निवडतो. ताशी शंभर किलोमीटरला गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, तेव्हा दोन सेकंदांचे अंतर म्हणजे ५६ मीटर. एवढी जागा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोकळी दिसली की तीत दुसरी गाडी शिरते. मग गाडी मागे सरते, पुन्हा जागा तयार होते, पुन्हा कोणी शिरते. याला कंटाळून बरेच जण सर्वांत कमी अंतराची पायरी निवडतात. शिकणाऱ्याने तसे करू नये. चार गाड्या पुढे शिरल्या तरी पोहोचायला फारसा उशीर होत नाही, आणि लांबचे अंतर हीच चूक सावरण्याची जागा असते.

विजेच्या गाडीत इथे एक खास अडचण येते. तिच्या चालकाला एका पेडलची सवय लागलेली असते. पाय उचलला की मोटर उलटी वीज निर्माण करते आणि गाडी मंदावते. यालाच ‘रीजन’ म्हणतात. क्रूझ चालू असताना मात्र पाय उचललेलाच असतो आणि गाडी मंदावत नाही. ब्रेकला स्पर्श होताच क्रूझ सुटतो, निवडलेले रीजन परत येते आणि गाडी अपेक्षेपेक्षा जोरात मंदावते. उलट क्रूझ चालू असताना ॲक्सिलरेटर दाबला तर त्या क्षणी अंतर राखण्याचे काम थांबते. एकाच पायाच्या एकाच हालचालीचा अर्थ असा बदलत राहतो. म्हणून पडद्यावर क्रूझचे चिन्ह कोणत्या रंगात आहे, हे ओझरते पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून हवी. शिवाय मोटरचा जोर तत्काळ येतो. पुढचा ट्रक डावीकडे वळला की गाडी ठरवलेल्या शंभरकडे झेपावते, आणि ‘रिझ्यूम’चे बटण गावाच्या हद्दीत दाबले तर महामार्गावरचा जुना वेग गाठू पाहते. महाबळेश्वरला हॉटेलात रात्रभर चार्ज करून पूर्ण भरलेल्या बॅटरीने पसरणी घाट उतरताना बऱ्याच गाड्यांत रीजन सुरुवातीला कमी मिळते, कारण वीज साठवायला जागाच नसते. अशा उतारावर क्रूझ बंद ठेवून पाय ब्रेकवर असलेला बरा.

लेन सांभाळणारी यंत्रणा पट्टे पाहून स्टिअरिंगला हलका जोर लावते. तिची एक बाजू फार चांगली आहे. इंडिकेटर न देता लेन बदलू पाहणाऱ्याला ती विरोध करते आणि वर्षानुवर्षे न लागलेली इंडिकेटरची सवय काही आठवड्यांत लावते. पण खड्डा चुकवताना चालक स्टिअरिंग फिरवतो तेव्हाही ती मागे ओढते. काम चालू असलेल्या रस्त्यावर जुने पांढरे आणि नवे पट्टे एकत्र दिसले, ओल्या रात्री डांबराची भेग चकाकली, तर ती भलत्या रेषेमागे जाऊ शकते. चालकाच्या हाताचा जोर तिच्यापेक्षा नेहमी जास्त असतो, हे मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम अनुभवून घ्यावे. बोर घाटात, जिथे मोटारींनाही ताशी ६० ची मर्यादा आहे, तिची मदत न घेतलेलीच चांगली.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकबद्दल सर्वांत जास्त तक्रारी शहरातून येतात. दुचाकी अगदी समोरून कापत जाते, गाडी कचकन थांबते, मागचा हॉर्न वाजवतो. वैतागून मालक यंत्रणाच बंद करतो. बहुतेक गाड्यांत इशारा लवकर, मध्यम की उशिरा द्यायचा हे बदलता येते. शहरासाठी उशिराची निवड करावी आणि ब्रेक चालू राहू द्यावेत. चालकाचे लक्ष एका क्षणासाठी चुकते तेव्हा धडकेचा वेग कमी करणारी एवढी एकच गोष्ट गाडीत असते.

लक्ष चुकण्याचा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी आहे. १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले होते की यंत्राकडे सोपी कामे गेली की माणसाकडे केवळ पाहत बसण्याचे काम उरते, आणि नेमके तेच माणसाला जमत नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सरळ आणि एकसारखा. तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे आणि चालकांची नजर शून्यात जाते अशी चर्चा तो सुरू झाल्यापासून होत आहे. तिथे क्रूझ आणि लेन दोन्ही चालू करून बसणे म्हणजे झोपेला बोलावणे. स्टिअरिंगवर हात आहेत का हे गाडी तपासते, काहींत कॅमेरा डोळ्यांवर लक्ष ठेवतो. स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून ही तपासणी फसवणारे लोक स्वतःसह इतरांचाही जीव धोक्यात घालतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाने वीस लाखांवर गाड्यांचे सॉफ्टवेअर याच कारणासाठी बदलले, चालकाचे लक्ष राखण्याचे उपाय अपुरे ठरले म्हणून. लांबच्या प्रवासात दोन्हींपैकी एकच यंत्रणा चालू ठेवणे आणि ठरावीक अंतराने पूर्ण स्वतः चालवणे हा साधा मार्ग आहे.

शिकण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी केवळ इशारे चालू ठेवून ओळखीच्या रस्त्यावर ते कधी वाजतात आणि कधी वाजायला हवे असताना गप्प राहतात ते पाहावे. मग दिवसा, कोरड्या हवेत, रहदारी कमी असताना क्रूझ. तो अंगवळणी पडला की लेन. पाऊस, धुके आणि रात्र सर्वांत शेवटी. घरात दोघेतिघे गाडी चालवत असतील तर प्रत्येकाने हा क्रम स्वतंत्र पुरा करावा, कारण एकाची निवड दुसऱ्याला नकळत मिळते. पुढची काच बदलली किंवा बंपरला धक्का बसला की कॅमेरा आणि रडार पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, आणि बिलात त्या कामाची वेगळी नोंद मागून घ्यावी. सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की यंत्रणेचे वागणे बदललेले असू शकते, म्हणून त्यानंतरची पहिली फेरी पुन्हा ओळखीच्या रस्त्यावरच करावी.