फुकट डेटाबेस घेताय? आधी हे विचारा

दुकानाची बिलं, ऑनलाइन ऑर्डरी आणि स्टॉकच्या एक्सेल फाइली रोज रात्री आपोआप एकत्र व्हाव्यात, असं तुम्हाला वाटतं. कोणीतरी सांगतं, "एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे, त्यावर एसएसआयएस पॅकेज चालवू." इथेच थांबा.

एक्सप्रेस खरंच फुकट आहे. २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबी मिळतात, छोट्या धंद्याला ते पुरतात. पण त्यात एसएसआयएस येत नाही, आणि ठरल्या वेळी काम चालवणारा एजंटही नाही. डेव्हलपर एडिशनमध्ये हे सगळं आहे, तीही फुकट. पण फक्त बनवायला आणि तपासायला. तिच्यावर रोजचा धंदा चालवला तर लायसन्स मोडलं!

माझं स्पष्ट मत, सुरुवातीला पॅकेजच्या मागे लागूच नका. फाइली सीएसव्हीमध्ये काढा, बीसीपीने डेटाबेसमध्ये भरा आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरला रात्रीची वेळ द्या. एक्सप्रेसवर हे चालतं. पसारा वाढला की मग स्टँडर्ड एडिशनच्या खर्चाचा हिशेब मांडा.

आणि अॅडव्हान्स देण्याआधी विचारा, "हे माझ्याकडे कोणत्या एडिशनवर चालणार? लायसन्सचे पैसे कोण देणार?" उत्तर लेखी घ्या.