मॉन्स्टर टोकन : पत्रक एक, जीव अनेक

ऑनलाइन टेबलटॉपवर मॉन्स्टरचे टोकन हे नुसते चित्र नसते. चित्रामागे त्या जीवाच्या आकड्यांचे पत्रक असते, आणि दोहोंची जोडणी कशी केली आहे यावर लढाईतला हिशेब नीट राहणार की विस्कटणार, हे ठरते. ही जोडणी खेळ सुरू होण्यापूर्वीच करायची असते. ऐन लढाईत गेम मास्टरचे लक्ष खेळाडूंकडेच हवे.

खेळाडूचे पात्र एकच असते. त्याची जखम पुढच्या नकाशावरही सोबत जायला हवी, म्हणून त्याचे टोकन पत्रकाशी जोडलेले ठेवावे. मॉन्स्टरचे नेमके उलट. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांत साध्या गॉब्लिनला ७ हिट पॉइंट असतात. एकाच पत्रकावरून सहा गॉब्लिन उतरवले आणि हिट पॉइंट पत्रकाशी जोडलेलेच राहिले, तर एकावरचा वार सहाही जणांना लागतो. रोल२० या ऑनलाइन टेबलटॉपवर अशा वेळी आर्मर क्लासची पट्टी पत्रकाशी जोडावी, हिट पॉइंटच्या पट्टीत मात्र जोडणी न करता नुसता आकडा भरावा आणि मग ते टोकन डीफॉल्ट म्हणून साठवावे. फाउंड्री या दुसऱ्या टेबलटॉपवर प्रोटोटाइप (मूळ नमुना) टोकनमधली ‘लिंक अ‍ॅक्टर डेटा’ची खूण काढली की प्रत्येक टोकनचे नुकसान त्याच्यापुरतेच राहते. मोहिमेत पुन्हा पुन्हा भेटणारा खलनायक मात्र खेळाडूच्या पात्रासारखाच जोडावा. प्रोटोटाइप नंतर बदलला, तरी नकाशावर आधीच ठेवलेली टोकन बदलत नाहीत. ती नव्याने ठेवावी लागतात.

दुसरा प्रश्न ओळखीचा. सहा सारख्या चित्रांत ‘डावीकडचा गॉब्लिन’ म्हणजे कोणता, यावर वेळ जातो. नावापुढे क्रमांक द्यावा किंवा रंगीत खूण लावावी. नाव खेळाडूंना दिसत असेल, तर त्यातून गुपित फुटू नये. पहारेकऱ्याच्या वेशातल्या डॉपलगँगरच्या टोकनवर ‘पहारेकरी’ हेच नाव हवे.

आकारात हलगर्जी चालत नाही. मध्यम प्राणी एक चौकोन व्यापतो. ओगरसारखा मोठा २×२, त्याहून मोठे ३×३ आणि ४×४. एका चौकोनातल्या ओगरला भोवतालच्या ८ चौकोनांतून घेरता येते, २×२ मधल्याला १२ चौकोनांतून. चित्र लहान ठेवले, तर लढाईचे डावपेचच बदलतात.

दबा धरून बसलेले मॉन्स्टर रोल२०मध्ये जीएम (गेम मास्टर) लेयरवर ठेवावेत, फाउंड्रीत लपवून ठेवावेत. हिट पॉइंटची पट्टी कोणाला दिसावी, हेही आधीच ठरवावे.

मेलेल्या मॉन्स्टरचे टोकन लगेच पुसू नये. त्यावर मृत्यूची खूण करून ते पाळीच्या यादीतून काढावे. प्रेताची झडती घ्यायची किंवा त्याला मंत्राने उठवायचे, तर त्याची जागा ठाऊक असावी लागते. प्रसंग संपला आणि पात्रे पुढे सरकली, की मगच नकाशा मोकळा करावा.