बनावट दाण्यांखाली गाडलेला फोटो

जयंतीच्या फ्लेक्ससाठी, मंडळाच्या स्मरणिकेसाठी जुने फोटो स्कॅन करण्याचे काम आता गावोगावी होते. चांगलेच आहे. परंतु स्कॅन झालेला फोटो डीटीपीवाल्याच्या संगणकावर गेला की त्याला ‘फिल्म लूक’ देण्याची हौस सुरू होते. तिथे आपण सावध असले पाहिजे.

फिल्मवरचे दाणे म्हणजे काय? सिल्व्हर हॅलाइडचे कण. ज्यांच्यावर प्रकाश पडला ते डेव्हलप करताना काळी चांदी झाले आणि त्यातूनच चेहरा उमटला. म्हणजे दाणा हा फोटोवरचा डाग नव्हे, तोच फोटो आहे. सॉफ्टवेअर आधी ‘सफाई’च्या नावाखाली हे खरे दाणे पुसते आणि मग त्यावर बनावट दाणे पेरते. कडा काळवंडते, सेपियाचा पिवळेपणा चढवते, सांगाल तर ओरखडेही मारून देते!

लग्नाच्या फोटोवर कुणी हा खेळ केला तर आमची हरकत नाही. पण १९७९ च्या लाँग मार्चचा फोटो ही वेगळी बाब आहे. तिथे मागच्या रांगेतील बाईच्या हातातल्या फलकावरची अक्षरे हाच पुरावा असतो. सफाईत आधी तीच बारीक अक्षरे जातात. पुढच्या रांगेतले पुढारी ओळखू येतात, मागचे चेहरे मेणाचे होतात. आपल्या माणसांना इतिहासातून पुसण्याचे काम इतरांनी काय कमी केले आहे?

दुसरा घोटाळा काळाचा. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हा रंगीत फोटो निघत होते. तसा एखादा फोटो भारदस्त दिसावा म्हणून कृष्णधवल केला, की उद्याचा वाचक त्याला १९५६ चा समजणार. त्यातला निळा झेंडा फिका दिसावा की गडद, हेही सॉफ्टवेअरच ठरवणार. (जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निळा फिका आणि लाल जवळजवळ काळा येत असे, हे डीटीपीवाल्याला कोण सांगणार?)

तेव्हा कार्यकर्त्यांनी एवढे करावे. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत मोडवर, किमान ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफ फाइल ठेवावी. मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली नावे तिथेच सापडतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून चेहऱ्यांची नावे लिहून घ्यावीत. आणि फ्लेक्सवाल्याला प्रत द्यावी, मूळ फाइल देऊ नये.