लेखनातील शेजारधर्म

भाषा जशी बोलली जाते तशीच ती लिहिली जावी, हे मत ऐकावयास इतके सरळ आणि न्याय्य वाटते की त्याविरुद्ध बोलणाऱ्यावर परंपरेच्या अंधभक्तीचा आरोप तत्काळ दाखल होतो. तथापि उत्तर युरोपातील जर्मानिक कुळातील भाषांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांतील लेखनव्यवहार पाहता ते मत एकतर्फी आहे, असेच म्हणणे मला भाग आहे.

पुस्तकाला डॅनिश मनुष्य ‘बोग’ लिहितो, नॉर्वेजियन व स्वीडिश ‘बोक’ लिहितात. रोमन लिपीत हा फरक केवळ अंत्याक्षराचा असल्याने वाचणारा अडखळत नाही. परंतु तोच शब्द डेन्मार्कात उच्चारला जातो तेव्हा शेवटचे व्यंजन विरघळून ‘बॉव’सारखे काही कानी पडते आणि स्वीडनमध्ये ‘बूक’ ऐकू येते. प्रत्येकाने आपापल्या उच्चाराबरहुकूम लिहावयाचे ठरविले असते, तर आज निर्वेध चाललेला परस्परांच्या वृत्तपत्रांचा वाचनव्यवहार पुष्कळच आटला असता.

ही जाणीव तिकडच्या विद्वानांना होती. 1869 मध्ये स्टॉकहोम येथे तिन्ही देशांचे प्रतिनिधी लेखनातील भेद कमी करण्याच्या विचारार्थ एकत्र आले. नॉर्वेच्या बाजूने नाटककार इब्सेन त्यात होते. नामांची आद्याक्षरे जर्मनांप्रमाणे मोठी लिहू नयेत, जोड ‘ए’ऐवजी माथ्यावर वर्तुळ असलेले एकच अक्षर वापरावे, अशा तजविजी तेथे झाल्या, पण डेन्मार्कने या दोहोंवर सरकारी मोहोर उमटविली ती जर्मन अंमलातून सुटल्यानंतर, 1948 मध्ये! (त्यातही ऑर्‌हूस शहराने 2011 पासून आपल्या नावात जुने जोड ‘ए’ परत आणले, हा अभिमानाचा मामला निराळा.) दरम्यान नॉर्वेने 1907 मध्ये डॅनिश वळणाची मृदू व्यंजने टाकून आपल्या तोंडची कठोर व्यंजने लेखनात घेतली आणि डॅनिशपासून दूर सरकताना नॉर्वेजियन भाषा स्वीडिशच्या जवळ गेली. उलट, स्वीडनने 1906 च्या सरकारी हुकुमाने ‘काय’ या अर्थाच्या प्रश्नवाचक शब्दाच्या आरंभीचा अनुच्चारित ‘एच’ काढून टाकला. डेन्मार्क व नॉर्वे यांनी तो आजतागायत राखला आहे, आणि उच्चार मात्र तिघांचाही जवळजवळ सारखाच आहे.

या साऱ्यांहून मला अधिक उद्बोधक वाटते ते फेरो बेटांचे प्रकरण. अठरा बेटे, आजची लोकवस्ती सुमारे पन्नास हजार, आणि चर्च व कचेरीचा कारभार शतकानुशतके डॅनिशमध्ये. अशा बेटांच्या फेरोई भाषेला 1846 मध्ये हॅमर्सहाइम्ब नावाच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने लेखनपद्धती दिली, ती उच्चारावर नव्हे, तर व्युत्पत्तीवर उभारून. ‘मनुष्य’ या अर्थाचा शब्द फेरोई व आइसलँडिक या दोन्ही भाषांत अक्षरशः एकसारखा लिहितात. आइसलँडमध्ये त्यातील मधले व्यंजन घर्षणयुक्त ‘ध’सारखे स्पष्ट ऐकू येते, फेरोई तोंडात ते लोपून ‘मेआवुर’सारखा उच्चार होतो. शतकाच्या अखेरीस याकोब याकोबसेन या भाषापंडिताने उच्चारानुसारी लेखनाचा मसुदा पुढे केला. तो टिकला नाही.

याची किंमत फेरोई मुले शाळेत मोजतात, मुकी अक्षरे घोकतात, ही तक्रार रास्त आहे आणि ती दडपून ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु त्या श्रमाच्या बदल्यात एका लहानशा जनसमूहाला आइसलँडच्या विशाल वाङ्मयाचे पान उलगडून अर्थ लावता येतो. केवळ उच्चाराशी इमान राखणारे लेखन त्यांना हे देऊ शकले नसते. हॅमर्सहाइम्बचा निर्णय माझ्या मते योग्यच होता. आणि यापुढे कोणत्याही देशाने लेखनसुधारणेसाठी समिती नेमावयाची झाल्यास, शेजारच्या भाषेचा एक नित्य वाचक तिच्यात मतदानाच्या अधिकारासह बसवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.